तीन गाठींची नाकेबंदी

२३ जून, सोमवार. सकाळी ११.
इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करायला मंजुरी दिली. हे होणार असं मी मार्चमध्येच बोललो होतो. कोणाशी बोललो ते आठवत नाही. बहुतेक लवूशीच. 'वरचीवाडी परिवार' ग्रुपवर सविस्तर विश्लेषण टाकलं. तेल, चीन, आखाती देश, आपलं परराष्ट्र धोरण, सगळं कव्हर केलं. टाईप करायला अडीच तास लागले. पस्तीस वर्षं तहसील कचेरीत टिपण्या लिहिल्या आहेत, मुद्दा सुटत नाही.

दुपारी १.
लवूचं उत्तर आलं. शेजारी, वर्गमित्र, साठ वर्षांची ओळख. त्याने लिहिलं, 'ह्या सगळा खरां. पण तुझी केळ माझ्या गडग्यार पडली आसा, चिरे ढासळले, ती कधी उचलतलस?'
खाली सतरा जणांचे हसणारे चेहरे. त्यात एक सुभद्राचा. विचारलं तर म्हणते, बोट लागलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, विश्वास ठेवावा लागतो.

२४ जून, मंगळवार.
रात्रभर विचार करून निर्णय घेतला. हा केळीचा प्रश्न नाही, सार्वभौमत्वाचा आहे.
लवूच्या घराकडची वाट आमच्या पुढच्या अंगणातून, खळ्यातून जाते. त्याच्या-माझ्यामध्ये चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा आणि गडग्यात बांबूचं फाटक, म्हणजे बेडं. कोणी कधी बंद केलं नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण सामुद्रधुनी आपल्याकडेही आहे! सकाळी नऊ वाजता बेडं लावलं आणि सुंभाच्या तीन गाठी मारल्या. आता लवूला रस्त्यावर यायचं तर पाण्याने भरलेला व्हाळ ओलांडून देवळामागून यावं लागेल. पावसात अर्धा तास. पंधरा दिवसांत शरण येईल.
तिकडे इराण-इस्रायल युद्धविराम जाहीर झाल्याची बातमी. बारा दिवसांत दमले. यांना चिकाटी नाही.
संकल्प : बातम्या दिवसाला फक्त एक तास. सकाळी चार किलोमीटर चालणे (डॉक्टर, बीपी). एक जुलैपासून.

१ जुलै, मंगळवार.
पाऊस. चालणं पुढे ढकललं. शिवाय मी गेलो तर बेड्यावर नजर कोण ठेवणार? आरामखुर्ची अशी लावली आहे की बेडं समोर दिसतं. बाजूचा भाग जास्वंदीमुळे दिसत नाही, पण तिथे बघायचं काय आहे? गडगाच आहे.
आजची आवक-जावक : शून्य.

९ जुलै, बुधवार.
पंधरा दिवस पूर्ण. लवू शरण आलेला नाही. ताठा! मुदत वाढवून दिली.
नाकेबंदीचा आम्हाला मात्र काही फटका नाही, हे नोंदवून ठेवतो. दूध आधी लवूच्या म्हशीचं यायचं. आता सुभद्राने दुसरीकडून सोय केली आहे. कुठून ते विचारलं नाही, पुरवठ्याचे स्रोत उघड करायचे नसतात. पण दूध घट्ट आहे, साय जाड येते. लवूच्या दुधापेक्षा शंभर पटीने चांगलं. तिला तसं सांगितलं तर पदर तोंडाला लावून आत गेली. भावुक झाली असावी.

१७ जुलै, गुरुवार.
आमच्या शेताच्या दोन्ही कुणग्यांत भाताची लावणी उरकली. दरवर्षी लवू आणि सावित्री, म्हणजे त्याची बायको, मदतीला असतात. यंदा मी स्वतः उतरणार होतो. पण नाटोवर तीन भागांची लेखमाला चालू आहे. सुभद्रानेच माणसं जमवली. कोण होती विचारलं, तर म्हणाली, 'नेहमीचीच.' मजुरी किती मागितली, तर म्हणाली, 'पेज आणि खारातलो आंबो.'
ग्रामीण अर्थव्यवस्था अजून भक्कम आहे. लेखमालेत हा मुद्दा घेतो.

२१ जुलै, सोमवार.
संसदेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी गोंधळात तहकूब. काय हे! समोरासमोर बसून चार शब्द बोलता येत नाहीत या लोकांना. ग्रुपवर कडक शब्दांत निषेध केला.
दुपारी लवू त्याच्या खळ्यात दिसला. मी पेपर वर धरला. तो नुसता हसला. पराभूत माणसाचं हसणं वेगळंच असतं.

२४ जुलै, गुरुवार.
केळ गडग्यावरून नाहीशी झाली! जास्वंदीवर डोकावणारी तिची पानं आज दिसत नाहीत. महिनाभर पडली होती. म्हणजे शत्रूने स्वतःच उचलली. पहिला मोठा विजय.
जेवणात केळफुलाची भाजी. फार दिवसांनी.

३१ जुलै, गुरुवार.
अमेरिकेने आपल्यावर पंचवीस टक्के टॅरिफ लावला. कोळंबीवाल्यांचे हाल होणार. संताप, संताप. 'वरचीवाडीने अमेरिकेला उत्तर द्यावं' असा ठराव ग्रुपवर मांडला. वाचला बावीस जणांनी, उत्तर एकाचंही नाही. म्हणजे विरोध नाही. एकमताने मंजूर धरला.
त्याच धर्तीवर घरातही घोषणा केली : लवूच्या परड्यात पिकलेली वस्तू या घरात शिजणार नाही. सुभद्रा म्हणाली, बरां. दुपारी अळूचं फदफदं होतं. अप्रतिम, तीनदा घेतलं. मग आठवलं की आपल्याकडे अळूच नाही. विचारलं. ती म्हणाली, 'खातास मां? मगे गप खावा.' देशांतर्गत बाबतींत फार खोलात शिरू नये.

७ ऑगस्ट, गुरुवार.
काही निरीक्षणे. (१) सुभद्रा संध्याकाळी चहा चार कप करते. आम्ही दोघंच. तणावामुळे मोजमाप चुकत असावं. (२) मागच्या पडवीत एक काळी छत्री टांगलेली आहे. आपली अशी छत्री होती? असेल. (३) सात ते नऊ मी टीव्हीवर चर्चा बघतो तेव्हा मागच्या पडवीतून हसण्याचे आवाज येतात. टीव्हीचा आवाज वाढवला.
बेड्याच्या गाठी शाबूत. आवक-जावक : शून्य.
विजार कमरेत लागत नाही. धोब्याने आटवली. आम्ही कपडे घरीच धुतो, पण तरीही.

१६ ऑगस्ट, शनिवार.
अलास्कात अमेरिका आणि रशियाचे राष्ट्राध्यक्ष भेटले. जवळपास तीन तास बोलले आणि करार काहीच नाही. मी असतो तर दहा मिनिटांत मिटवलं असतं. आधी चहा, मग मुद्दा.
खरं लिहायचं तर आज चर्चा बघताना मजा आली नाही. टीव्हीवर आठ माणसं एकाच वेळी ओरडतात, पण मी काही बोललो तर एकही उलट बोलत नाही. लवू बोलायचा. अर्धं चुकीचं, अर्धं निव्वळ मला चिडवायला, पण बोलायचा. 'सत्या, तुका त्या चीनचा कित्याक पडला? खोबऱ्याचो भाव बग!' असं म्हणून माझ्याच पानाच्या डब्यातलं पान खायचा. त्रेपन्न दिवस झाले. डब्यातली पानं सुकून जातात.
हे कोणाला कळता कामा नये. मनोधैर्याचा प्रश्न आहे.

२४ ऑगस्ट, रविवार.
एक गंभीर बाब लक्षात आली. बुधवारी चतुर्थी.
आमचा गणपती खालच्या वाडीतल्या मूर्तिकाराच्या शाळेतून येतो. तो डोक्यावरून लवू आणतो. एकतीस वर्षं तोच आणतो, कारण माझी मान. देवावरची माटवी, फळाफुलांची चौकट, लवू बांधतो. आरतीनंतर सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं लवूच घालतो, कारण माझं मालवणी कचेरीत राहून बिघडलं. म्हणे माझं गाऱ्हाणं ऐकताना देवालाही अर्ज आल्यासारखं वाटतं. हे वाक्य लवूचंच.
आणि शाळेकडून वर यायची चढणीची वाट लवूच्या खळ्यातून येऊन बेड्यातूनच आत येते. दुसऱ्या बाजूने व्हाळ, कमरेएवढं पाणी. डोक्यावर देव घेऊन व्हाळ कोण ओलांडणार?
म्हणजे सामुद्रधुनी मीच बंद केली आणि जहाजही माझंच अडकलं. हा मुद्दा होर्मुझच्या लेखात मी स्वतः लिहिला होता. पान दुसरं.
सुभद्राला विचारलं, तू मध्यस्थी कर. ती म्हणाली, 'माका खंय येळ आसा? करंज्ये कोण तळतलो?' तटस्थ राष्ट्रांचा हाच प्रॉब्लेम असतो.
बापाच्या वेळेपासून कधी चतुर्थी चुकली नाही. माझ्यामुळे चुकणार. झोप नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार.
दिवसभर बसून संयुक्त निवेदन तयार केलं. सात कलमं. कलम चार : 'केळीच्या झाडासंदर्भात दोन्ही पक्षांनी संयम बाळगावा.' माफी हा शब्द कुठेही नाही. 'दिलगिरी' एकदा आहे, तीही कंसात. उद्या स्वतः जाऊन देणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका.
निवेदन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेड्यापर्यंत गेलो. नऊ आठवड्यांनी पहिल्यांदा.
गाठी होत्या. तिन्ही, जशाच्या तशा. पावसाने सुंभ फुगून त्यांचे दगड झाले होते. नखं मोडली, सुटल्या नाहीत.
मग जास्वंदीच्या मागे बघितलं. जिथे केळ पडली होती तिथे गडग्याचे चिरे ढासळून खिंडार पडलंय. त्यातून पाऊलवाट. साधीसुधी नाही, चांगली मळलेली. गवताचं एक पातं नाही. चिखल होऊ नये म्हणून कोणीतरी सपाट जांभे टाकलेत. जांभे आमच्या मागच्या अंगणातले आहेत, मी ओळखले. वाट सरळ आमच्या मागच्या पडवीत जाते.
दूध. अळू. नेहमीचीच माणसं. चार कप.
लवूकडे जायला त्यातूनच शिरायला गेलो. एक खांदा गेला, पोट गेलं नाही. दोन महिने चाललो असतो तर गेलं असतं. मागून सुभद्राने हाक मारली, 'अहो, थंयसून नका, लागतला. ती वाट बारीक माणसांची आसा.'
निवेदन घेऊन परत आलो. भिजलं होतं. सगळ्या वाडीत नाकेबंदीत अडकलेला मी एकटा.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.
सकाळी सातला उठलो तर चौकात माटवी बांधलेली. कवंडाळाची फळं, हरणाची फुलं, नारळ, सगळं जिथल्या तिथे. कधी बांधली, कोणी बांधली, विचारायची हिंमत झाली नाही.
साडेआठला बेड्यातून आवाज आला, 'सत्या, बेडा सोड रे! देव भिजता!'
चौसष्ट दिवसांनंतरचे पहिले शब्द. लवू डोक्यावर गणपती घेऊन उभा. मूर्ती खिंडारातून येत नव्हती. सावित्रीने वर छत्री धरलेली. काळी छत्री. मी धावलो, गाठींशी झटलो, सुटेनात. डोळ्यांत पाणी आलं. पाऊस होता म्हणून बरं. शेवटी सुभद्रा कोयता घेऊन आली आणि तिने एका घावात माझं परराष्ट्र धोरण तोडलं.
लवू आत जाताना म्हणाला, 'जाड झालंस रे.' बाकी काही नाही. सात कलमांची गरजच पडली नाही.

दुपारी २.
पूजा झाली, आरती झाली. वाडीतले वीसेक जण जमलेले. गाऱ्हाण्याला सगळे हात जोडून उभे राहिले. मी डोळे मिटले होते. लवूने सुरू केलं, 'बा देवा गणपती म्हाराजा, आज जी काय तुझी सेवा ह्या लेकरांनी केली, ती मानून घे रे म्हाराजा!'
व्हय म्हाराजा!
'जो कोण वाकड्या वाटेन जायत, त्याका सरळ वाटेर हाड रे म्हाराजा!'
व्हय म्हाराजा!
'आणि ह्या घरच्या मालकान गेले दोन म्हयने आमची वाट बंद केली आसा, अशी जी काय त्याची समजूत आसा, ती तशीच ऱ्हवांदे आणि त्याका सुखात ठेव रे म्हाराजा!'
व्हय म्हाराजा!
सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, असं सुभद्रा सांगते. वाक्य काय होतं ते मला नंतर कळलं.