निळा थर

मंगळवार, नोव्हेंबर २००६, लीड्स

हात कितीही धुतले तरी रॉकेलचा वास जात नाहीये. आणि तो निळा थर नेमका आजच इतका सुरेख यावा!

मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या आम्लात विरघळवायच्या, त्यात रॉकेलमधलं सॉल्व्हंट घालून खाली तोटी असलेलं काचेचं फनेल हलवायचं आणि दोन थर वेगळे व्हायची वाट बघायची. आम्ल जास्त राहिलं तर कोबाल्ट वरच्या रॉकेलात चढत नाही. कमी झालं तर निकेलही मागोमाग चढतं. हे जमवण्यात माझी दोन वर्षं गेली. आज वर निळा कोबाल्ट, खाली हिरवं निकेल, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी.

तेवढ्यात बॉस आला, मार्टिन. फनेल बघून 'लव्हली' म्हणाला आणि त्याच सुरात सांगितलं, की मार्चमध्ये आमची लॅब बंद. माझी पद्धत पुण्याच्या कारखान्याला विकली. 'तुला तर आनंदच होईल, तुझ्याच गावाला चाललीय. त्यांना शिकवायला तूच जा. आईलाही भेटशील.'

मी साताऱ्याची. पण पुणं काय, सातारा काय, त्याला सगळं एकच. आणि शिकवून झाल्यावर मी काय करायचं? त्याबद्दल अवाक्षर नाही.

तो गेल्यावर वाटलं, ओतून द्यावा तो निळा सिंकमध्ये. नाही ओतला. हिरवं नीट काढलं, निळं बाटलीत भरलं, लेबलसुद्धा लावलं. सवय, दुसरं काय?

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भडकलाच. 'मग तू काय म्हणालीस त्याला?'

'काही नाही,' म्हटलं.

खोटं. हसून थँक यू म्हणाले होते मी.