थोरलीची सावली

४ सप्टेंबर

थोरलीने आज पुन्हा अडवलं. सकाळपासून मी सिनेमातला एकच प्रसंग कापते आहे — ती धाकट्या राजाच्या कपाळाला हात लावते आणि दरबाराकडे वळून म्हणते, 'महाराजांची प्रकृती ठीक नाही. शिक्का मीच उठवते.' सात टेक. सातही चांगले आणि एकही खरा नाही.

सिनेमा ऐतिहासिक. हत्ती, तीनशे घोडे, जळणारा किल्ला. माझ्या वाट्याला मात्र चेहरेच. बाप लढाईत पडतो, कोवळा भाऊ गादीवर बसतो, थोरली बहीण त्याच्या नावाने राज्य सांभाळते. तो मोठा होतो तरी ती शिक्का सोडत नाही. एवढीच गोष्ट. बाकी सगळी धूळ आणि नगारे.

दिग्दर्शकांनी एडिटिंगच्या खोलीत एक कागद चिकटवून ठेवला आहे. प्रत्येक पात्राचा साचा आणि त्यासमोर त्याची सावली. सेनापती — निष्ठावान. सावली — हुकुमामागे लपणारा. विदूषक — खरं बोलणारा. सावली — खरं बोलून मोकळा होणारा. थोरली — सांभाळणारी. सावली — सोडू न शकणारी.

मला असले कागद आवडत नाहीत. माणूस काय दोन रकान्यांत मावतो? पण दिवसभर नजर तिथेच जाते.

५ सप्टेंबर

धाकट्याला मित्राचा फोन आला होता. माझ्या धाकट्याला, सिनेमातल्या नव्हे. पुलांचे आराखडे काढायची नोकरी, दुसऱ्या शहरात, एक ऑक्टोबरपासून. पूर्वी हेच काम करायचा, आणि उत्तम करायचा.

जेवताना विचारलं, 'ताई, जाऊ का?' अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, आणि विचारतो कसा — सहलीला जाऊ का, तसा. मी म्हटलं, 'डॉक्टरांशी बोलते.' डॉक्टरांचं म्हणणं तसं स्पष्टच आहे. निदान वर्षभर तरी गोळी सुटता कामा नये. तिकडे गोळी कोण देणार त्याला?

दोन वर्षांपूर्वी तो नऊ दिवस झोपला नव्हता. दहाव्या दिवशी अनवाणी घराबाहेर पडला आणि तीन दिवसांनी सापडला. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई गेल्यापासून त्याला मीच आहे. घर स्टुडिओपासून चालत दहा मिनिटं, म्हणून दुपारी येते, दोघं जेवतो, अर्धी गोळी देते, तो झोपला की परत कामावर. दोन वर्षांत एक दुपार चुकलेली नाही.

९ सप्टेंबर

सापडला! हा आठवा टेक नाहीच. शॉट सुरू व्हायच्या आधीचा तुकडा आहे. थोरलीचं काम करणाऱ्या बाईंचा पदर कुणीतरी सारखा करतंय, क्लॅप अजून पडलेली नाही, आणि त्या समोर बसलेल्या पोराकडे नुसत्या बघत आहेत. चार सेकंद. अभिनय नाही. तोच उचलला आणि संवादाच्या आधी लावला. सगळा प्रसंग फिरला!

१० सप्टेंबर

दिग्दर्शकांना दाखवलं. तीनदा बघितलं त्यांनी. मग विचारलं, 'हे कुठून काढलंत?' साउंडवाला मागे उभा होता, तो म्हणाला, 'अंगावर काटा आला बुवा. पण ती काही वाईट तर करत नाहीये.'

'नाहीच,' दिग्दर्शक म्हणाले. 'जीव आहे तिचा त्याच्यावर. म्हणून तर भीती वाटते.'

मी दिवसभर मनातल्या मनात फुशारले. चार सेकंदांनी तीनशे घोड्यांना मागे टाकलं. कबूल करते, मला असल्या गोष्टींचा माज आहे. बाईंची पापणी खोटी लवली तर मला कळतं. कुणी हसू अर्ध्यावर आवरलं तरी कळतं. वीस वर्षं दुसरं केलंय काय?

१६ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू की नको, ठरत नव्हतं.

काल दुपारी धाकटा झोपला. मी निघताना त्याच्या दाराशी थांबले, रोजच थांबते. श्वास नीट चालू आहे का ऐकते आणि जाते. काल जरा जास्त वेळ उभी होते. डाव्या पायावर भार, उजवा तळवा चौकटीवर, मान थोडी खाली. चौकटीचा रंग पोपडे धरतोय हे तेव्हाच लक्षात आलं, म्हणून हात कुठे होता ते पक्कं आठवतंय.

आज नव्या रशेस आल्या, ताज्या चित्रीकरणाचे न कापलेले तुकडे. तिसरा शॉट — राजा झोपला आहे, थोरली दाराशी. डाव्या पायावर भार. तळवा चौकटीवर. मान खाली.

हा शॉट मी यापूर्वी पाहिलेला नाही. कसा पाहणार? चित्रीकरणच परवा झालं.

मशीन बंद केली, तर काळ्या पडद्यात माझा चेहरा. आणि माझ्या चेहऱ्यावर तिचा चेहरा बसल्यासारखा वाटला. उठून दिवा लावला. मग स्वतःवरच चिडले. वय काय आपलं, करतो काय!

१७ सप्टेंबर

आज दाराशी थांबले नाही. पायऱ्या उतरले, रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत येऊन थांबलेच.

२२ सप्टेंबर

दिग्दर्शकांशी वाजलं. ते म्हणाले, 'तुम्ही सारख्या थोरलीवरच कापता. राजाचे शॉट बघा की.' मी म्हटलं, राजा काहीच करत नाही. बसतो, ऐकतो, झोपतो. भोळं पात्र आहे. त्याच्यात बघायचं काय?

'तो काय करतो ते तुम्ही पाहिलंच नाहीये,' म्हणाले आणि निघून गेले.

राग आला. मला शिकवतात! संध्याकाळी सगळे शॉट उघडले. दहा मिनिटं पाहिले असतील. त्यातही नजर शॉटच्या कडेला, तिच्या खांद्याकडे जात राहिली. बंद केले. मुलगा छान दिसतो, बाकी काही नाही.

२७ सप्टेंबर

दुपारी धाकटा झोपलेला. त्याचा फोन वाजला. तोच मित्र. घेतला मी. त्याला तारीख नक्की हवी होती, जागा फार दिवस मोकळी ठेवता येणार नाही म्हणाला. चांगला मुलगा आहे, उगाच आग्रह करत नव्हता.

मी म्हटलं, 'त्याची प्रकृती ठीक नाही. काय ते मीच कळवते.'

आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. शब्द माझे नव्हते. आवाजही माझा नव्हता — तो खालचा, मऊ, कुणाला उलट बोलायला जागा न ठेवणारा आवाज मी महिनाभर रोज ऐकते आहे. की तो आधीपासून माझाच आहे? बाईंनी तो माझ्याकडून तर उचलला नाही? त्या मला ओळखतही नाहीत.

धाकट्याला फोन आल्याचं सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर

कामाला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. धाकट्याने चहा करून दिला.

१ ऑक्टोबर

आज तो तिकडे कामावर रुजू व्हायचा होता. सकाळी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि वर्तमानपत्र वाचत बसला. मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

या वहीत मी खोटं लिहीत नाही असं मला वाटायचं. पानं उलटून बघितली. पाच सप्टेंबर — 'डॉक्टरांचं म्हणणं तसं स्पष्टच आहे.' किती सफाईने लिहिलंय.

खरं लिहिते. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्टच होतं. फेब्रुवारीत त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, 'भाऊ तुमचा ठणठणीत आहे. महिन्याभरात गोळी कमी करत बंद करा. कामाला लागू दे त्याला.' धाकटा तेव्हा रक्त द्यायला आत गेला होता. मी मान हलवली. त्याला सांगितलं, आणखी वर्षभर घ्यायची म्हणतात.

औषधवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. आठ महिने मी एका धडधाकट माणसाला दुपारची झोपवते आहे. का? कारण झोपलेला माणूस अनवाणी कुठे निघून जात नाही. कारण मी येते तेव्हा तो घरात असतो. मला भीती वाटते. त्याच्यासाठी नाही. रिकाम्या घरात शिरायची भीती वाटते.



३ ऑक्टोबर

शिक्क्याचा प्रसंग कापायला घेतला. राजा हात पुढे करतो, थोरली मूठ मिटते. माझ्याच्याने पुढे जाईना. दिग्दर्शकांना विचारलं, 'समजा, तिने दिला शिक्का. तर?'

ते म्हणाले, 'मग तिच्याकडे काय उरेल, ते तिला माहीत नाही. आणि तेच तिला बघवत नाही.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तुमची तब्येत बरी आहे ना? चार दिवस घरी जा. राज्य काही पळून जात नाही.'

साउंडवाल्याने पाणी आणून दिलं. मी प्यायले.

ठरलं. उद्या जेवताना सांगणार. त्याने ताट भिरकावलं तरी चालेल. आयुष्यभर तोंड नाही बघितलं तरी तो हक्क आहे त्याचा. मित्राचा नंबर कागदावर लिहून ठेवला आहे. जागा गेली नसेल अजून.

४ ऑक्टोबर

सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं.

त्याचा घास थांबला नाही. म्हणाला, 'माहीत आहे, ताई. मे महिन्यात मीच डॉक्टरांना फोन केला होता. तेव्हापासून एकही गोळी गिळलेली नाही. तू जाईपर्यंत डोळे मिटून पडायचो.'

मी विचारलं, मग गेला का नाहीस?

'डॉक्टर म्हणाले, सध्या तुझ्या ताईला एकटं ठेवू नकोस.'