मावपुर्ण श्रद्धांजली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने मुद्रितशोधक, आता निवृत्त, माझे शेवटचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा अधू असला तरी उजवा अजून ऱ्हस्व-दीर्घ ओळखतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; दबाव टाकण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सर्व काही माझ्या मुलीला दिले होते, ते रद्द समजावे. का रद्द, ते सातव्या कलमात येईल. मधली कलमे गाळून कोणी थेट तिथे उडी मारू नये.

१. माझे राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरी आणि जिन्याखालची अडगळ, हे सर्व खालच्या शिलाईवाल्या मावशींना द्यावे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सतरा वर्षांत आमचे एकदाही भांडण झाले नाही, त्याचे कारण बहुधा हेच. त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मला कशाला? मुलगी आहे ना तुमची?" मी म्हटले, "होती." त्यांनी तोंडात धरलेली टाचणी काढली, "तुमचं तुम्ही बघा" म्हणाल्या आणि टाचणी परत ओठांत धरली. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून त्यांचा अंगठा या कागदावर घेतलेला नाही.

२. माझा मोठा शब्दकोश, दोन खंड, माजी नगराध्यक्षांना द्यावा. राजकारणात येण्यापूर्वी त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि आता पुन्हा आहे. चाक उंच धरायला टेकू लागतो.

हे गृहस्थ अकरा वर्षे नगराध्यक्ष होते. त्या काळात त्यांच्या सहीने निघालेले एकही पत्रक, एकही सूचना, एकही बोर्ड मी विनाचूक पाहिला नाही. 'हार्दीक', 'जेष्ठ', 'उज्वल' हे तर रोजचेच. कामगार दिनाच्या कमानीवर 'कामगार दीन' लिहून त्यांनी कामगारांची खरी अवस्था पहिल्यांदाच मान्य केली. एकदा 'मंगळवारी पाणीपुरवठा होणार नाही' या सूचनेतला 'नाही' गळाला. दवाखान्याची टाकी कोणी भरून ठेवली नाही आणि डॉक्टरांना हात धुवायला शेजारच्या इमारतीतून बादल्या आणाव्या लागल्या. सूचनेखाली नगराध्यक्षांची ऐटबाज सही होती. जो माणूस स्वतःच्या सहीवरच्या चार ओळी वाचत नाही, तो तुमचा अर्ज काय वाचणार, असे मी तेव्हा लिहिले होते. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही.

३. 'कानउघाडणी' या माझ्या रविवारच्या सदराची कात्रणे, सहा गठ्ठे, रद्दीवाल्याला द्यावीत. कोणी संशोधक वगैरे मागायला आला तरी देऊ नयेत.

हे सदर मी 'चिमटा' या नावाने लिहीत असे. पेपरात मी चुका चिमट्याने वेचतो, असे म्हणत कंपोझिटरांनी ते नाव पाडले होते. आठवडाभराचे नगराध्यक्षांचे लेखन घ्यायचे, एकेक चूक उचलायची आणि लोकांसमोर सोलायची, एवढेच त्यात असे. लोक पेपर मागून उघडू लागले. संपादकांनी सदर पहिल्या पानावर आणले आणि खप वाढल्याचे श्रेय स्वतःच्या अग्रलेखांना दिले. संपादकांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही.

४. लोखंडी पेटीत माझ्या मुलीच्या शाळेच्या अकरा वह्या आहेत. त्या न उघडता जाळाव्यात.

मुलगी सात वर्षांची असल्यापासून 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' लिहीत असे. 'बाबा धरी आले.' 'आई मांडी धासते.' या दुसऱ्या वाक्यावर मी पोट धरून हसलो. आलेल्या-गेलेल्यांना वाचून दाखवले. तेही हसले. मग मी तिला एकेक वाक्य दोनशे वेळा लिहायला बसवले. एकशे साठाव्या ओळीपाशी ती म्हणाली, "बाबा, मी बघत असते तोवर ती बरोबर असतात. नजर काढली की बदलतात."

मी म्हटले, "अक्षरं बदलत नसतात. डोकं मठ्ठ असतं."

चौथीपासून नववीपर्यंत तिची चुकांची वही बाहेरच्या दाराला आतून सुतळीने टांगलेली असे. येणाऱ्याने चपला काढता काढता वाचावी. तिची आई वही काढून ठेवी, मी परत अडकवी. सहा वर्षे हे चालले. एकोणिसाव्या वर्षी मुलगी घर सोडून गेली. कुठे काम करते ते तिने मला सांगितले नाही, मी विचारले नाही. मला वाटले, पोरगी वळणावर येईल.

नगराध्यक्षांच्या चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, त्यांच्या चुकांची जात बदलली. 'खड्डे मरण्याचे काम युद्धपातळीवर सुरू.' 'नागरिकांनी मोफत तपासणीचा लाभ ध्यावा.' 'धरपट्टी वेळेत मरावी.' आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी, सरकारी 'कृपया'च्या जागी, 'कृपा करून'. आमच्या घरात 'कृपा करून' फक्त माझी बायको म्हणत असे, मला गप्प बसवायचे असले की.

मला तिसऱ्याच आठवड्यात कळले. मी हे मृत्युपत्रात लिहीत आहे, कारण लोकांनी नंतर मला माफ करताना 'बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं' असे म्हणून माफ केले. मला ठाऊक होते. ती अक्षरे मी सहा वर्षे दाराला टांगली होती. मला नाही कळणार तर कोणाला? कळल्यावर मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या रविवारचा मजकूर लिहिला. तो फार गाजला. 'धरपट्टी मेली, आता नगराध्यक्ष तिच्या खांद्याला कोण कोण ते सांगतील', अशी त्याची सुरुवात होती.

५. माझ्या पत्नीचे कपाट, तिच्या साड्या, तिचा चष्मा आणि तिने वापरलेली भांडी, जी मावशींना नको असतील ती, गरजूंना द्यावीत.

पत्नीला मुलगी कुठे आहे ते पहिल्यापासून माहीत होते. दर गुरुवारी ती दुपारी 'बाजारात जाते' म्हणून जाई आणि रिकामी पिशवी घेऊन परत येई. एका रविवारी तिने पेपर माझ्यासमोर ठेवला. ती म्हणाली, "कृपा करून आता पुरे करा. पोर रडते हो. सगळं ऑफिस मोठ्यानं वाचतं आणि तिच्याकडे बघतं."

मी म्हटले, "चूक ती चूक. बाप कोण ते बघून मी काना-मात्रा देत नाही."

"तुम्हाला आपली पोरगी ओळखू येते, तरी?"

"ओळखू येते म्हणूनच तर."

हे उत्तर मला त्या वेळी फार बाणेदार वाटले होते. त्यानंतर ती माझ्याशी त्या विषयावर बोलली नाही. तीन वर्षांनी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. शेवटचे अकरा दिवस मुलगी दवाखान्यात होती. मी गेलो की ती जिन्याने खाली उतरे.

पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात नगराध्यक्षांच्या नावाने बोर्ड लागला. इतर बोर्ड छापलेले असत. हा हाताने रंगवलेला होता. पांढऱ्यावर काळी, जाड, जपून काढलेली अक्षरे. 'सर्वांच्या लाडक्या काकूंना मावपुर्ण श्रद्धांजली.' मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तो वाचला. 'पु' ऱ्हस्व. आणि 'भाव'चा 'माव'. जुन्या भाषेत माव म्हणजे कपट.

त्या रविवारी मी लिहिले: 'नगराध्यक्षांची श्रद्धांजली कपटाने भरलेली असते, असे आम्ही आजवर सांगत आलो. यावेळी त्यांनी तसे स्वतःच लिहून दिले आहे. श्रद्धांजली आमच्याच घरातली असली, तरी चुकीला सुतक नसते.' गाव थक्क झाले. सोमवारी सकाळी रस्त्यात तीन जणांनी मला थांबवून हात जोडले. "काय माणूस आहात! बायकोच्या श्रद्धांजलीतलीसुद्धा चूक सोडली नाहीत." मला ते आवडले. ते मला आवडले, हे या कागदावर नोंदले जावे.

६. माझी बँकेतील ठेव दवाखान्याला द्यावी.

त्याच सोमवारी दुपारी मुलगी घरी आली. चौदा वर्षांनी. हातात पेपर होता. ती आत आली नाही, दारातल्या चपलांच्या फळीवर बसली.

"तो बोर्ड मी रंगवला होता," ती म्हणाली. "छापायला दिला नाही. आईचा म्हणून हातानं केला. सहा वेळा तपासला."

मी म्हटले, "मग सातव्यांदा तपासायचा."

मग तिने विचारले, "इतकी वर्षं ते सगळं मी लिहीत होते. तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"बरं," ती म्हणाली. पेपरची घडी नीट केली, फळीवर ठेवली आणि जिना उतरून गेली. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो, अशी मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली आहे.

बुधवारी नगराध्यक्ष स्वतः आले. मी 'बसा' म्हटले नाही. ते बसले.

"पोरीनं काम सोडलं," ते म्हणाले.

"आता तरी शुद्ध लिहिणारा माणूस ठेवा."

ते हसले. "अहो चिमटा, मला काय चुका दिसत नव्हत्या? पहिल्याच वर्षी कारकून म्हणाला, साहेब, तपासून पाठवू का? म्हटलं, हात लावशील तर बघ. दर रविवारी पहिल्या पानावर माझं नाव, फुकटात! लोक म्हणायचे, बिचारा आपल्यासारखाच चुकतो आणि तो पेपरातला शहाणा त्याच्या मागे लागलाय. दोन निवडणुका मी तुमच्यावर काढल्या."

"हे मुलीला माहीत होतं?"

"तिला कशाला सांगू? तिला वाटायचं, साहेब आपल्याला सांभाळून घेतात. जीव टाकून काम करायची."

"आणि तो परवाचा बोर्ड?"

"चौकात जाऊन बघितला ना. रंग ओला होता तेव्हाच दिसलं मला. पुसून दोन मिनिटांत नीट झालं असतं." त्यांनी खांदे उडवले. "म्हटलं, असू दे. रविवारी येईल."

त्यांना हाकलून द्यावे, असे मला वाटले नाही. काय तोंडाने हाकलणार होतो? तिच्या चुका दोघांनाही दिसत होत्या आणि दोघांनाही हव्या होत्या. मी त्यांना पाणी विचारले. ते नको म्हणाले आणि गेले.

सदर मी त्यानंतरही बंद केले नाही. आणखी सात महिने चालवले. मुलीच्या जागी आलेल्या माणसाच्या चुका अगदीच सामान्य होत्या. वाचकांची पत्रे येऊ लागली की पूर्वीची मजा राहिली नाही. मग संपादकांनीच ते बंद केले.

७. मुलीविषयी.

मी तिला तीन पत्रे पाठवली. नगराध्यक्ष जे बोलले, तेही त्यांत लिहिले. पहिले न फोडता परत आले. उरलेली दोन परतही आली नाहीत. या वर्षी वकिलांमार्फत कळवले की घर आणि सर्व काही तिच्या नावे केले आहे. अठराव्या दिवशी वकिलांकडे तिचे उत्तर आले. ते या मृत्युपत्राला जोडले आहे. मजकूर असा:

'वडिलांच्या घरावरील, भांड्यांवरील व इतर सर्व मालमत्तेवरील माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. मला घर नको, घरातील काही नको. माझे कोणाशीही भांडण नाही. कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.'

अक्षर तिचेच आहे. वकील म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. भाषा तर सभ्य आहे."

मी ते घरी आणून वाचले. तीन 'घ', दोन 'भ', पाचही बरोबर. 'पुन्हा' बरोबर. 'कृपया' आहे, 'कृपा करून' नाही. मी भिंग घेतले. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला, तेव्हा प्रत्येक 'घ'खाली आणि प्रत्येक 'भ'खाली पेन्सिलच्या टोकाचा एकेक खळगा दिसला. खूण करून, तपासून, नंतर ती खोडलेली होती. काही खळगे इतके खोल होते की कागद पाठीमागून उठला होता. चार ओळींसाठी ती किती वेळ बसली असेल, याचा हिशेब मला येतो, कारण तसे बसायला तिला मीच शिकवले.

मी ते पत्र चार वेळा तपासले. मला एक चूक हवी होती. एखादा 'ध', एखादे 'मांडण', काहीही. एवढ्या वर्षांत तिला ओळखण्याची दुसरी कोणतीही खूण मी शिकलो नाही.

चूक सापडली नाही. सबब घर कलम एकप्रमाणे द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मान्य केला. याची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. माझ्या निधनानंतर कोणीही बोर्ड लावू नये.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सात, महिना चौथा, वार सोमवार, दुपारी बारा

(सही)
मृत्युपत्रकर्ता

आम्हा दोघांच्या देखत मृत्युपत्रकर्त्याने वर सही केली व त्याच्या देखत आम्ही खाली केली. तो शुद्धीवर होता.

साक्षीदार १: (सही) शेजारचे खासगी डॉक्टर
साक्षीदार २: (सही) वृत्तपत्राच्या छापखान्यातील निवृत्त कंपोझिटर