एक इलिंका, दोन दप्तरं

तीर्थरूप दाजींना, आपला धाकटा मेहुणा वेंत्सेल याचा, गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? जर्मन डॉक्टरनं ताईला डुकराची चरबी बंद केल्याचं कळलं; ती ऐकणार नाही हेही कळलं, कारण चरबीचा डबा संपल्याचा निरोप त्याच फोनवर आला. इकडे रोमानियात सगळं ठीक. आलुबुखाराला फुलं धरलीत, मांजर पुन्हा व्यायली. शाळा तेवढी आजारी आहे.

आपल्या शाळेत छप्पर एक, शेगडी एक आणि पहिल्या इयत्ता दोन, हे तुम्हाला काय सांगायचं. डावीकडे माझी हंगेरियन, उजवीकडे विओरिकाबाईंची रोमानियन. यंदा दोन्हीकडे एकेक मूल कमी पडतंय. मिळालं नाही तर वर्ग बंद, आणि बाकीच्या चिल्ल्यापिल्ल्यांना रोज अंधारात उठून बसनं शहरात जायचं. (शेजारच्या बोरिशचा पोरगा पायरी चढताना अजून आईचं बोट धरतो. तो बस कशी चढणार?) वर्गाला एकदा कुलूप लागलं की ते पुन्हा निघत नाही. टेकडीपलीकडच्या शाळेत आता मेंढ्या बांधतात. मला झोप लागत नाही, दाजी, खरंच सांगतो.

आणि सगळ्या गावात अजून शाळेत नाव न घातलेलं मूल एकच, इलिंका. बाप त्राइअन, लाकूडतोड्या, रोमानियन. आई एमेशे आपल्या हंगेरियनांतली. पोरगी बापाशी त्याच्या भाषेत भांडते, आईशी तिच्या, आणि दोन्हीकडे जिंकते. निवडणूक तोंडावर, त्यामुळे उपवर मुलीच्या घरी जात नसतील इतके पाहुणे तिच्याकडे. आपल्या पक्षाचा माणूस पक्षाच्या ट्यूलिप चिन्हाचं दप्तर देऊन फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पक्षाचा माणूस रोमानियन झेंड्याचं तिरंगी दप्तर देऊन फोटो काढून गेला. दोन्ही फोटोंत इलिंकानं जीभ बाहेर काढली आहे. शाळेचं छप्पर गळतं का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

मग मीही माझी अक्कल चालवली. बापाला वळवलं की पोरगी आलीच, असा हिशोब करून मी तुम्हाला लिहिलं, की त्राइअनला तुमच्या जर्मनीतल्या वखारीत उन्हाळ्यापुरतं काम बघा. लिहून निवांत झालो.

ईस्टरच्या सोमवारी रिवाजाप्रमाणे अत्तराची कुपी खिशात घालून बायामुलींवर शिंपडायला निघालो. कवन यंदा मुद्दाम नवं रचलं होतं: ही कळी कोमेजू नये, माझ्या हंगेरियन पहिलीच्या वाफ्यात फुलावी, असं काहीसं. (यमक चांगलं जमलं होतं.) एमेशेच्या घरात शिरतो तर विओरिकाबाई आधीच टेबलाशी बसलेल्या. त्यांचा, रोमानियनांचा, ईस्टर अजून आठवड्यानं, पण मुलीला बघायला मुहूर्त कशाला लागतो? आता आपला नियम तुम्हाला ठाऊकच आहे. घरातली एकही बाई कोरडी सोडायची नाही, आणि जे कवन एकीला तेच सगळ्यांना. इलिंकाला म्हटलं, एमेशेला म्हटलं, आणि मग निवृत्तीला टेकलेल्या विओरिकाबाईंच्या डोक्यावर अत्तर शिंपडत त्यांनाही माझ्या पहिलीत यायचं आमंत्रण दिलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "येईन की गुरुजी. पण मी पुढच्या बाकावर बसणार, आणि डबा तुमच्या घरचा." एमेशे हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

तेवढ्यात त्राइअन आतून बाटली घेऊन आला आणि माझा हात धरून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या दाजींचा फोन होता. कायमची नोकरी, वर दोन खोल्या. आम्ही तिघंही चाललो. इलिंकाचं नाव तिकडच्याच शाळेत घालतोय. हे उपकार कसे फेडू?"

शिंपडणाऱ्याला देतात ते लाल अंडं मी खिशात टाकलं आणि बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर विओरिकाबाईंनी केसांतलं अत्तर रुमालानं पुसलं. मग म्हणाल्या, "यापुढे कुणाचं भलं करायचं मनात आलं तर आधी मला विचारत जा."

ताईला नमस्कार. कंबरेला ऊब द्या.

आपला,
वेंत्सेल

ता. क. खरं काम आता सांगतो. त्राइअनला कळवा, की नोकरी उन्हाळ्यापुरतीच आहे, खोल्या ओल्या आहेत आणि मालक खडूस आहे. (तुम्हाला सोंग फारसं करावं लागणार नाही.)

ता. क. दुसरा. विओरिकाबाई शेजारीच बसल्यात, पत्र वाचलं. त्याही हेच सांगतात. पोरगी आधी गावात राहू दे, कुणाच्या वर्गात ते आम्ही नंतर भांडून ठरवू.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात इलिंका दोन्ही दप्तरं अडकवून आली. म्हणाली, "तिकडच्या शाळेत तुमच्यापैकी कोण येणार शिकवायला? मला ती भाषा येत नाही." विओरिकाबाईंनी तिच्या वेणीची रिबीन उगाचच सोडून पुन्हा बांधली. तेव्हा दाजी, वरचं सगळं रद्द समजा. खोल्या कोरड्या ठेवा. पहिल्या दिवशी ताईला तिच्याबरोबर वर्गाच्या दारापर्यंत पाठवा. ताईला आपल्या इथल्या दोन्ही भाषा येतात. आणि दप्तर कुठलं घ्यायचं, ते पोरीलाच ठरवू द्या.