डब्याचा फोटो येणार नाही

प्रिय आई, दुरूनच नमस्कार.

मी बरा आहे. आता रोज दुपारी डब्याचा फोटो येणार नाही. फोन कारखान्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवतो. मी जेवलो असं समज.

जेवताना गेलं वर्षभर माझ्यासमोर एक वेल्डर बसतो. परवा फोन बंद पडला, म्हणून पहिल्यांदाच मान वर केली. तो म्हणाला, "नवीन दिसतोस. कधी लागलास?" वर्ष झालं, असं सांगताना लाज वाटली.

काल माझा हात सारखा खिशाकडे जात होता. वेल्डरने डब्याचं झाकण पुढे केलं. "हात मोकळाच आहे ना? मग वाढ तुझ्यातलं."

बाबांचा गुडघा कसा आहे? रविवारी सावकाश बोलू. मधले दिवस तुला जड जातील, मलाही. पण ठरवलं ते ठरवलं.

पोटभर जेवलेला,
तुझा धाकटा