निळं राहायला हवं होतं

३ एप्रिल, नांदेड

आजही नाही! पाचही नळ्या पाण्यासारख्या. एक तरी निळी राहायला हवी होती.

ईदला लातूरला गेले तेव्हा अम्मीने विचारलं, "दिनभर वहाँ करती क्या तू?" सांगितलं — ज्वारीला मोड आणते, त्यातून एन्झाइम काढते. ते स्टार्च खातं. त्याच्या साखळीत शेकडो अमिनो आम्लं असतात. त्यांतलं कोणतं खरं काम करतं, ते शोधायचं. म्हणजे पिठाच्या गिरणीतला एकेक नट बिघडवायचा आणि गिरणी कशाने बंद पडते ते बघायचं. अम्मी म्हणाली, "चलती गिरणी कायकू बंद करती गे?" सगळे हसले. मीही हसले. इथे परत आले आणि रडू फुटलं.

आमच्या व्यंकटराव सरांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं की या एन्झाइमचा तो नट म्हणजे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल. एनबीएस नावाचं रसायन घातलं की ट्रिप्टोफॅन बिघडतं, एन्झाइम मरतं. स्टार्च तसाच राहतो आणि आयोडीन टाकलं की निळा होतो. मला हे फक्त पुन्हा करून पुढे जायचं होतं! पण माझं एन्झाइम मरतच नाही. पीएच.डी. पहिल्याच पायरीवर आडवी.

५ एप्रिल

एनबीएस दुप्पट. निळं नाही.

९ एप्रिल

बुद्धप्रिया — माझी ज्युनियर, कंधारची — म्हणाली, "दीदी, ज्वारीच बदला की. लोह्याच्या बाजारातून आणून देऊ?" आणली. बदलली. तेच!

एन्झाइम, मग एनबीएस. थोडं थांबून, उरलेलं एनबीएस निकामी करायला थायोसल्फेट. सर त्यासाठी सुटं ट्रिप्टोफॅनच वापरायचे, पण ती बाटली संपली आहे आणि नवी मागून मागून तोंड दुखलं. मग स्टार्च, मग आयोडीन. झोपेतसुद्धा करेन. शेजारी साधी नळी ठेवते, नुसता स्टार्च आणि आयोडीन. ती व्यवस्थित निळी होते. म्हणजे माझं काही चुकत नाही.

मग सरांचंच...? लिहायलाही हात धजत नाही.

१४ एप्रिल

बुद्धप्रिया जयंतीला गावी गेली. लॅबमध्ये मी एकटी. पंखा गरम हवाच फेकून राहिलाय. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. निळं नाही. स्टुलावर बसून पोटभर रडले. कशाला आले मी या लाइनला? बी.एड. करून कुठे तरी शाळेत लागले असते, सुखी असते.

१७ एप्रिल

सरांना सांगितलं.

महिनाअखेर ते निवृत्त होताहेत. सगळे त्यांना "ट्रिप्टोफॅनवाले सर" म्हणतात. आयुष्यात एकच शोध, पण स्वतःचा. आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणतेय, सर, ते तसं नाहीये!

चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखव." केलं. सरांनी नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. एकेक फिरवून बघितली.

"निळं न्हाई."

मी म्हटलं, सर, माझंच काही तरी चुकत असेल.

"नळीला माझी भीड न्हाई, कहकशां. तू कशाला धरतीस?"

निघून गेले. त्यांचा जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. मला माझीच इतकी घृणा कधी वाटली नव्हती.

२२ एप्रिल

सर बोलतात. नेहमीसारखंच बोलतात. तेच सहन होत नाही.

३० एप्रिल

निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. प्रत्येकाच्या तोंडी ट्रिप्टोफॅन. मी मागच्या रांगेत मान खाली घालून.

शेवटी सर माइकवर आले. "ज्या कामासाठी तुम्ही मला ओळखता, ते चुकलेलं हाय. माझ्या विद्यार्थिनीनं दाखवून दिलं. पोरगी भिली न्हाई, याचा मला लई अभिमान हाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. सरांच्या बायकोने, केवळाबाईंनी, एकदा माझ्याकडे बघितलं. नंतर पदराने चष्मा पुसत बसल्या.

२ मे

अम्मीचा फोन — "बस कर अब. घर आजा." "हौ," म्हटलं. बुद्धप्रियाला सगळं शिकवून द्यायचं आणि लातूर गाठायचं. संपलं.

५ मे

बुद्धप्रियाला प्रयोग करून दाखवत होते. डोकं ठिकाणावर नव्हतं. एनबीएस, थायो, स्टार्च, आयोडीन — निळं नाही. "बघ," म्हटलं, "अजून जिवंत."

ती म्हणाली, "दीदी, एन्झाइम टाकलंच न्हाई तुम्ही."

मग स्टार्च खाल्ला कुणी? कुणीच नाही. थायो! आयोडीनचा रंग थायोच घालवतं. बी.एस्सी.ला आम्ही तेच तर करायचो! आणि माझ्या साध्या नळीत मी थायो कधी घातलंच नव्हतं.

शेजारच्या विभागातून चिमूटभर ट्रिप्टोफॅन मागून आणलं. सरांच्या पद्धतीने केलं. गर्द निळं. तसंच राहिलं.

सर बरोबर होते. आणि भर सभेत त्यांना माझा अभिमान वाटला.