पाच म्युझियमं पाठ

व्हिजाच्या खिडकीतल्या साहेबांना,
अमडापूरच्या जनकाबाईचा जय भीम.

सोमवारी मुंबईले तुम्ही मले विचारसान, हॉलंडले काऊन जाता? मी म्हणीन, म्युझियम पाहाले. एजंटनं पाच नावं लिहून देली हायेत. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, हेगचं मॉरित्सहाउस, अन् पुढचे तीन. बावीस वर्षं अंगणवाडीत लेकरायकडून गाणे पाठ करून घेतले, आता मीच घोकून राह्यली. जलमात मी एक म्युझियम पाह्यलं नाही, साहेब.

तिथं माही समता हाय. जावयानं बोलावण्याच्या कागदावर सही करून देली नाही, म्हणून हे सोंग. एजंट म्हणे, पोरीचं नाव तोंडातून निघालं का व्हिजा गेला समजा.

हेगच्या म्युझियममधलं एक चित्र त्यानं मोबाइलवर दाखवलं. कानात मोती घातलेली पोरगी मान वळवून मागं पाहून राह्यली, तोंड जरासं उघडं.

"काय देखणं चित्र हाय ना, मावशी?"

समता व्हिडिओच्या फोनवर अशीच करते. "मी बरी हाय, आई," म्हणते, अन् दरवाजा वाजला का अशीच मान वळवते. मंग फोन बंद. आज नऊ दिवस झाले, फोनच नाही.

हे मी यादीच्या मागच्या बाजूनं लिहून राह्यली. कागद घरीच ठेवून येईन.

म्युझियमं पाचही विचारा, साहेब. फक्त त्या चित्रातल्या पोरीचं नाव विचारू नका. माह्या तोंडातून समता निघून जाईन.

तुमच्या खिडकीपुढं उभी राहणारी,
जनकाबाई